वानखडे बाईंची वरची कवळी

दातांच्या डॉक्टरांच्या सभेत माझं नाव घेतलं जाणार म्हणून मी एकदा नवा कोट शिवून नागपूरला गेलो होतो. नाव घेतलं गेलं नाही. ही गोष्ट मी आजवर चिडून चिडून शंभर जणांना सांगितली असेल. पण तिथे उभा राहून मी भांडलो कसा नाही, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे कोडंच वाटतं. संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की हीच गोष्ट पुढे येते, आणि ती मला स्वतःलाही अजून नीट समजलेली नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून टाकतो. अकोल्यात सोनाराच्या हाताखाली सांध्यांना डाग देणं, ओतकाम करणं यात माझी पहिली वर्षं गेली. एका दंतवैद्यांनी सोन्याचा दात ओतून घ्यायला आणला, त्यांना काम आवडलं आणि त्यांनी मला उचलून आपल्याकडे नेलं. पुढे कित्येक वर्षं कवळ्या मी घडवायचो, तोंडात ते बसवायचे आणि शाबासकीही तेच घ्यायचे. एक दिवस कडाक्याचं भांडण झालं आणि मी ताजनापेठेत स्वतःचं दुकान टाकलं. मग दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा आला. माझ्या पाटीवरचं बरंच काही पेंटरकडून पुसून घ्यावं लागलं आणि 'दातांचे कारागीर' एवढंच उरलं. एका नोंदणीवाल्या डॉक्टरांच्या आडोशाने काम चालू राहिलं. अकोला-अमरावतीतल्या किती नामांकितांचं हसू माझ्या हातचं होतं, ते त्यांना आणि मलाच ठाऊक.

शनिवारी मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला जायचो. गांधी चौकाजवळ एका फोटोवाल्याची पुढची खोली भाड्याने घेतली होती. तिथे मापं घ्यायची आणि अकोल्यात कवळ्या घडवायच्या. काम ऐकायला सोपं आहे. तोंडाचं माप घ्यायचं, त्याचा प्लास्टरचा साचा करायचा, साच्यावर मेणात दात लावायचे, मग मेण काढून त्या जागी मसाला भरायचा आणि भांडं स्टोव्हवर उकळायचं. आधी मसाला म्हणजे लालकाळं रबर असे. पुढे हिरडीच्या रंगाचं अ‍ॅक्रिलिक आलं आणि कवळी माणसाच्या तोंडातली वाटू लागली.

खालची कवळी हिरडीवर बसते, वरची लटकते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये थुंकीचा पातळ थर असतो आणि हवेला आत शिरायला जागा नसते, म्हणून ती टिकते. तरीही वरचीच सोपी, कारण टाळू मोठा असतो. खालची जिभेच्या धक्क्याने नाचते. पण एखाद्याची वरची हिरडी झिजून सपाट झालेली असली आणि टाळूही उथळ असला, तर मग कारागीर कितीही मोठा असो, शिंक त्याच्यापेक्षा मोठी ठरते.

वरूडचे एक संत्र्यांचे व्यापारी आले होते. म्हणाले, "फक्त वरची करा. खालचे दात कोनाले दिसतात?"

"अन् चावान कशावर?"

"चावाले खाली दोन दाढा आहेत ना! मले पोरीच्या लग्नात फोटूत हासाचं आहे."

भावावरून आम्ही तासभर एकमेकांना ओरबाडलं. शेवटी वरची करून दिली. लग्नात ते मनसोक्त हसले आणि मंगलाष्टकं चालू असताना त्यांना शिंक आली. कवळी भटजींच्या ताम्हनात. सोमवारी दुकानात येऊन म्हणाले, "अर्धे पैसे वापस करा." मी म्हटलं, "फोटू निघाला का?" म्हणाले, "निघाला." "मंग माहं काम झालं." त्यांच्या जबड्याची चूक ते माझ्या माथी मारत होते, आणि मी ती घेतली नाही. त्या काळी मला अशी स्वच्छ उत्तरं सुचायची.

वानखडे बाई अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. वय तिशीचं. त्यांच्या घराण्यात शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्याच. हिरड्यांच्या रोगाने वरचे सगळे दात गेले होते, खालचे शाबूत होते. मी वरची कवळी केली. सपाट हिरडी, उथळ टाळू. टिकेना, म्हणून त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे मी कवळीच्या टाळूकडच्या बाजूला रबरी चकती बसवली. चकती टाळू ओढून धरते. वर्षभर छान चाललं, मग टाळूला जखम झाली. मी चकती काढली. पुढे एका सकाळी वर्गात 'भटजीचा भ' म्हणताना कवळी टेबलावर पडली.

बाईंनी मला ते हसत सांगायचा प्रयत्न केला. "पोट्टे म्हणाले, बाईंचे दात पळाले. दिवसभर तेच." मग म्हणाल्या, "भाऊ, पोरांच्या हसण्याचं काही नाही. पण ते माझ्या तोंडाकडे पाहून अक्षर शिकतात. मी ओठ दाबून 'भ' म्हटलं तर चाळीस पोरं ओठ दाबून म्हणतात. शाळा तपासणाऱ्या साहेबांनी शेरा मारला आहे, यांना शिवणाच्या वर्गाला द्या म्हणून."

"शिवणाचा वर्ग काय वाईट आहे?"

"तुम्हाला उद्या कोणी म्हटलं, कवळ्या सोडा, बूट घडवा, तर?"

बाईंना पहिलीचा वर्ग हवा होता. बाकी काही नाही.

नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षी बाई उन्हाळ्यात मुंबईला भावाकडे गेल्या. भाऊ एका इस्पितळात वॉर्डबॉय होता. तिथे परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर नवीन शस्त्रक्रिया करत होते आणि पैसे घेत नव्हते, कारण त्यांना रोगी हवे होते. हिरडी उघडायची, उघड्या हाडाचं माप घ्यायचं, त्यावर धातूची जाळी ओतायची, आणि दुसऱ्यांदा हिरडी उघडून ती जाळी हाडावर बसवून वर शिवून टाकायची. हिरडीतून फक्त चार खुंट्या बाहेर. त्या खुंट्यांना कवळी पकडीने अडकते, रोज काढता-घालता येते. टाळू झाकायला नको, चकती नको, काही नको.

जूनमध्ये बाई माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. मी पहिल्यांदा घाबरलो आणि मग रागावलो. मला न विचारता! मग खुंट्या पाहिल्या. चारही ठाम, आणि ओतकाम असं की माझ्या जुन्या सोनार मालकाने मान डोलावली असती.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"वरण गरम आहे ते कळलं," बाई म्हणाल्या. "टाळू उघडा आहे ना आता." आणि मग वर्गात म्हणतात तसं त्यांनी सुरात म्हटलं, "भ, भा, भि, भी." फोटोवाला मागच्या खोलीतून डोकावला.

कवळीची देखभाल अमरावतीत कोणी करावी, हा प्रश्न होता. बाईंनी माझं नाव दिलं. डॉक्टरांचं पत्र आलं: दर वर्षी एक जोडकार्ड पाठवीन, उत्तराच्या अर्ध्या कार्डावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहून टाका. खुंट्या हलतात का, हिरडी लाल आहे का, पू येतो का, चावता येतं का, रोगी समाधानी आहे का. मी उलट लिहिलं, मेहनताना नको, पण हे काम जिथे कुठे सांगाल तिथे माझं नाव घ्या. त्यांनी कळवलं, अवश्य. आयुष्यात मी केलेला तो सर्वांत स्वस्त सौदा होता, आणि मला तो सर्वांत मोठा वाटला. एका डॉक्टराच्या तोंडून माझं नाव!

पहिली काही वर्षं मी कार्डं खरी लिहिली. तिसऱ्या वर्षी दात झिजले म्हणून नवी कवळी मीच केली. बाई म्हणाल्या, पकड जरा घट्ट करा, बोलताना विश्वास वाटतो. मी चिमट्याने पकडी दाबून दिल्या. काढताना 'कट्' असा आवाज यायचा. आम्हा दोघांनाही तो आवाज आवडायचा. हे लक्षात ठेवा. मी अजून ठेवून आहे.

पाचव्या वर्षी डावीकडच्या मागच्या खुंटीभोवती हिरडी लाल दिसली. मी कार्ड काढलं. बाईंनी माझा हात धरला.

"काय लिहिता?"

"लाल आहे ते लाल."

"मग ते बोलावतील. आणि काढून टाकतील."

"तपासतील फक्त."

"भाऊ, मी पहिलीवर आहे. साहेब बदलून गेले, शेरा पुसला गेला. आता कुठे पोरांचे बाप शाळेत येऊन म्हणतात, आमच्या पोराला वानखडे बाईंच्या वर्गात टाका. उत्तम लिहा."

मी उत्तम लिहिलं. बाईंसाठी लिहिलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण डॉक्टरांनी त्याच महिन्यात कळवलं होतं की अशी प्रकरणं ते लवकरच सभेत मांडणार आहेत. लाल हिरडीवाल्या प्रकरणात माझं नाव कोण घेणार, हेही माझ्या डोक्यात होतंच. यातलं किती बाईंचं आणि किती माझं, हा हिशेब मला आजवर सुटलेला नाही.

सहाव्या वर्षीही उत्तम. सातव्या वर्षी वास येऊ लागला आणि खुंटी बोटाने दाबली की आत गेल्यासारखी वाटायची. मी लिहिलं, 'ठीक'. उत्तमवरून ठीकवर आलो म्हणजे आपण इशारा दिला, अशी माझी समजूत. मुंबईत तो कोणाला कळला नाही.

त्याच हिवाळ्यात नागपूरला सभा झाली. मी शेवटच्या रांगेत नवा कोट घालून बसलो. अंधार झाला आणि पडद्यावर वानखडे बाईंचं तोंड आलं. तोंडच, चेहरा नाही. मी खुंटीखुंटीनिशी ओळखलं. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. मला जेवढं इंग्रजी येतं त्यात एवढं कळलं की वरच्या जबड्यात हे टिकत नाही असं लोक म्हणतात, पण या बाईंकडे पहा, सात वर्षं, आणि दर वर्षीची माझी निरीक्षणं ही अशी. माझी म्हणजे त्यांची! पुढे ते वाचत होते ती माझी कार्डं होती, वर्षामागून वर्ष. उत्तम, उत्तम, उत्तम, ठीक. 'स्थानिक व्यवस्थेने' कळवलं, असं ते एकदा म्हणाले. ती स्थानिक व्यवस्था म्हणजे मी.

टाळ्या वाजल्या. मी उभा राहिलो. माझ्या शेजारचे गृहस्थ पाय आखडून मला वाट देऊ लागले. तोंडात शब्द तयार होते: "ओ साहेब, ते कार्डं माहे आहेत!" आणि तेव्हा मला कळलं की ती कार्डं माझी म्हटली, तर शेवटची तीन कार्डंही माझीच म्हणावी लागतील. पडद्यावरची हिरडी गुलाबी होती, पहिल्या वर्षाची. आताची काय आहे ते त्या सभागृहात मला एकट्याला माहीत होतं. नाव मागायचं तर खोटं पदरात घ्यायचं. खोटं लपवायचं तर नाव सोडायचं. दोन्ही बाजूंनी मीच ग्राहक आणि मीच दुकानदार, आणि सौदा जमेना.

"बाहेर जायचं आहे का?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि बसलो.

तिथून मी थेट अमरावतीला गेलो आणि सगळा राग बाईंवर काढला. त्यांच्या दारात उभं राहून ओरडलो, "तुमच्या पायी झालं हे! आता चला मुंबईले!"

बाईंनी मला आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "ओरडून झालं? मार्चमध्ये परीक्षा आहेत. त्या झाल्यावर जाते."

"तोवर हाड सडन."

"सात वर्षं काय सोन्याचं होतं? चार महिन्यांनी जास्त काय होणार?"

काय होणार ते मला माहीत नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

एप्रिलमध्ये जाळी काढली. बाई सांगत होत्या, काढायला फारशी ताकदच लागली नाही. आता वरचं हाड आधीपेक्षाही पातळ झालं होतं, आणि मागे एका जागी नाकाच्या बाजूच्या पोकळीत भोक पडलं होतं. प्यायलेलं पाणी नाकातून यायचं. ते भोक डॉक्टरांनी शिवलं. हे कधी सुरू झालं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "आत्ताच." माझं नाव तिथेही निघालं नाही. या वेळी ते बाईंनी मुद्दाम घेतलं नाही.

मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं, आणि माझं नाव का घेतलं नाही तेही त्याच पत्रात रागाने विचारलं. उत्तर आलं. नावाबद्दल एक अक्षर नाही. बाकी असं: लालसर होती तेव्हाच कळलं असतं तर जाळीचा तेवढा भाग कापून उरलेली कदाचित वाचली असती. पुढच्याच ओळीत, वरच्या जबड्याचं हाड मुळातच हलकं, त्यामुळे कदाचित नसतीही. मी ते पत्र अकोल्याच्या दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, खालचे खरे दात वरच्या खोट्या दातांवर आपटत राहिले, त्याने गेलं. तिसऱ्यांनी विचारलं, पकड कोणी घट्ट केली होती? मी म्हटलं, माहीत नाही. आणि माझ्या मनात त्याच्याही आधीची ती रबरी चकती येते, जी मी बाईंच्या टाळूला लावली होती. पाच कारणं, आणि त्यातली तीन माझ्या हातची. कोणतं खरं? एखादा दागिना तुटला तर डाग कुठे सुटला ते भिंगातून दिसतं. माणसाच्या जबड्यात मला ते कधी दिसलं नाही.

बाईंना मी आतून पोकळ, हलकी कवळी करून दिली. माझ्या हातची ती सर्वांत चांगली कवळी आहे आणि ती फार चांगली नाही. जिभेने वर दाबून धरत बोलावं लागतं. बाईंनी स्वतःहून पहिली सोडली आणि तिसरीचं गणित मागून घेतलं. गणित फळ्यावर जास्त असतं, तोंडाने कमी.

दोनेक वर्षांनी अकोटच्या कापूस बाजारात हर्राशी पुकारणारा एक माणूस माझ्याकडे आला. ढेरे नाव. पंचेचाळिशीचा, आवाज दणदणीत, आणि वरची हिरडी हुबेहूब वानखडे बाईंसारखी. बोली पुकारताना एक हात ओठाखाली धरायचा. त्याने मुंबईच्या डॉक्टरांचं ऐकलं होतं. जाळी आता सुधारली आहे म्हणे.

"भाऊ, खरं सांगा. करू का नोको?"

भाव सोडून दुसरं काही सांगायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता. मी त्याला शनिवारी सोबत अमरावतीला नेलं आणि बाईंसमोर बसवलं.

बाईंनी त्याचं काम विचारलं, मग म्हणाल्या, "करा."

मी भडकलो. "बाई, काय बोलून राहिल्या तुमी? त्याले सांगा काय झालं ते! हाड गेलं, नाकातून पानी आलं!"

"सांगते ना." आणि त्यांनी जिभेने कवळी सावरत सगळं सांगितलं, भोकासकट. शेवटी म्हणाल्या, "मुंबईच्या डॉक्टरांनी ते आधी यशात धरलं, मग अपयशात. तुम्हीही अपयशात धरता. मला कोणी विचारलंच नाही. माझ्या हातून आठ वर्गांनी अक्षर उचललं. पुन्हा करीन मी."

"अन् हाड कोनाचं गेलं?"

"माझं. म्हणून तर मी सांगते, तुम्ही नाही." मग त्या ढेऱ्यांकडे वळल्या. "फक्त कार्ड यांच्या हाती देऊ नका. स्वतः लिहा."

परतताना गाडीत मुर्तिजापूर येईपर्यंत मी ढेऱ्यांना 'करा' म्हणत होतो आणि मुर्तिजापूरनंतर 'करू नका'. अकोल्याला उतरताना ते म्हणाले, "तुमच्यापेक्षा बाजारात भाव लवकर ठरते, भाऊ." आणि अकोटच्या गाडीकडे गेले.

त्यांनी केलं. दोन वर्षांनी एका सकाळी ते जोडकार्ड आणि पेन घेऊन माझ्या दुकानात आले. दुकान आता पुतण्या बघतो, पण ढेरे मलाच हाक मारून म्हणाले, "पाहा अन् सांगा, लिहितो मीच."

मी पाहिलं. चारही खुंट्या ठाम. डावीकडच्या मागच्या खुंटीभोवती थोडा लाल रंग.

"लाल लिहा."

"अजी, सकाळी पान खाल्लं मी! त्याचं असन."

मी त्यांना चूळ भरायला लावली. पुन्हा पाहिलं. कापसाच्या बोळ्याने पुसलं, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून पाहिलं, मग बॅटरी लावून पाहिलं. लालच होतं. पण पान रोज खाणाऱ्याची हिरडी तशीही लाल असते. आधी तिचा रंग नीट पाहून ठेवायला हवा होता, तो मी पाहिला नव्हता.

"काय मंग?" ढेरे पेन धरून बसले होते. "पानाचं ना?"

"मले समजून नाही राहिलं," मी म्हटलं. "तसंच लिहा. लाल आहे, कशानं ते समजत नाही."

त्यांनी लिहायला घेतलं. मग मान वर करून विचारलं, "सांगणाऱ्याचं नाव टाकू का?"

"टाका," मी म्हटलं.